आतली कडी

माझा धाकटा एकोणतीस वर्षांचा आहे. लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो. टोकाला टोक जुळलं नाही, तर अख्खी चादर पुन्हा उलगडतो. तिथे त्याला सगळे भाऊसाहेब म्हणतात आणि तो खूश होतो, कारण घरात तो अजून बाळच आहे. बोलायला त्याला वेळ लागतो. शिवाय अधूनमधून फिट येते, कधी ते कळत नाही. म्हणून त्याच्या खोलीला आम्ही कधी कडीच लावली नाही. बाथरूमची होती, तीही काढली. तो अंघोळीला गेला की मी बाहेर उभी असते, हाका मारत.

त्याच्यासारख्या मोठ्या मुलांना मदत करणारं एक केंद्र आहे. यंदा त्याने तिथल्या ताईंना सांगितलं, "मला कडी पाहिजे. आतून."

केंद्रात वर्षातून एकदा प्रत्येकाची बैठक असते. ज्याची बैठक, त्यानेच ठरवायचं आत कोण बसणार. आजवर त्याने ठरवायच्या आधीच मी खुर्चीत बसलेली असायचे. या वेळी ताईंनी त्यालाच विचारलं.

"बाबा," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई नको."

"अरे, असं काय करतोस?" हे गडबडले.

"आई रडते. मग सगळे तिचंच ऐकतात."

मी बाहेर बाकावर बसले. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती आणि ह्यांची डुलणारी मान. घरी साध्या भाजीलाही हो म्हणायला दहा वेळा विचार करणारा माणूस, तिथे नुसता मान डोलवत होता!

बाहेर येऊन त्याने सांगितलं, "कडी बसणार. बाहेरून किल्लीने उघडते."

मी हात पुढे केला.

"किल्ली बाबांकडे."

"का रे? मी काय केलं?"

"तू पाच मिनिटांत उघडशील."

"पाच?" हे म्हणाले. "दोनसुद्धा दम निघायचा नाही हिला." बापलेक खिदळले. मला काही हसू आलं नाही.

शनिवारी सुतार कडी बसवून गेला. चहा पिऊन झाल्यावर भाऊसाहेब खोलीत गेले आणि आतून खट्ट झालं. मी ओला हात तसाच घेऊन दाराशी आले. आत काहीच हालचाल नाही. पंख्याचा आवाज तेवढा.

"बाळा, काय करतोयस?"

"काही नाही."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी ह्यांच्याकडे वळले.

"किल्ली द्या इकडे."

"नाही," हे म्हणाले. पण त्यांचाही हात खिशावरच होता.

"आत पडला असेल तर?"

"पडला तर आवाज येईल."

"तुम्हाला टीव्हीपुढे काय ऐकू येणार आहे?"

"आई," आतून तो म्हणाला, "मला सगळं ऐकू येतंय."

मी दारापासून हलले नाही. फक्त बोलायची थांबले.