नातीच्या भाषणातलं भांडण

युनिव्हर्सिटीत दर शनिवारी भाषणं चालू होती. नागरिकत्व, लोकशाही आणि आपल्या देशातली तऱ्हेतऱ्हेची माणसं, असा विषय. एका शनिवारी माझ्या नातीचा नंबर लागला. माझ्या पोराच्या, म्हणजे तिच्या बापाच्या, मनात तिचं शिक्षण आता थांबवायचं होतं. एमए झालं, स्थळं येऊन राहिली, पुरे झालं, असं त्याचं म्हणणं. मी मधे पडलो. म्हटलं, एवढं भाषण होऊ दे, तिथल्या मास्तर लोकांनी चांगलं म्हटलं तर पुढं शिकू देशील. तो हो म्हणाला.

सकाळी नात म्हणाली, "आबाजी, येता तर या, पण मधात बोलू नोका."

"मी काहून बोलीन? चौथी शिकलेला माणूस."

"म्हणूनच सांगून राहिली."

मागच्या रांगेत जागा आहे म्हणाले, तरी मी पुढं जाऊनच बसलो. नात आमच्या पारशिवनीकडच्या गावावरच बोलली. गावाच्या टोल्यावरचे, म्हणजे कडेच्या वस्तीतले लोक घरी गोंडी बोलतात. मत सगळ्यांसारखं देतात, पण ग्रामसभा सगळी मराठीत. ते हात वर करतात अन् घरी जातात. म्हणजे मत त्यांचं आहे, बोलणं नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नाही. घरी गेल्यावर सांगू म्हटलं.

तेवढ्यात तिथल्याच पांढऱ्या केसांच्या एक प्रोफेसर मॅडम उठल्या. म्हणाल्या, "हा निष्कर्ष मला मान्य नाही. एका गावावरून एवढं बोलता येत नाही."

नात म्हणाली, "मॅडम, मला तुमचा आक्षेप मान्य नाही."

मॅडम पुन्हा बोलल्या, ही पुन्हा बोलली. दोघींचा आवाज चढला. म्हटलं, संपलं हिचं शिक्षण.

आमच्या गावच्या सभेत दोघांची जुंपली की वडीलधारा उठतो, मधे उभा राहतो. दोघांनी तिथंच बसून चहा घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. तसेच गेले तर वैर वर्षानुवर्षं चालतं. इथं तर कोणी हलेना. शिकलेले सगळे टकामका पाहत बसले. मग मीच उठलो.

"मॅडम, लेकरू आहे. तुम्हीही बसा, तिलेही बसू द्या. पहिले चहा घ्या, बाकीचं मंग बोलू."

सगळे हसले. नातीनं कपाळाला हात लावला. फक्त मॅडम हसल्या नाहीत.

"तुम्ही कोण?"

"तिचा आजा."

"आजोबा, आम्ही भांडत नाही. तिच्या बोलण्यात दम नसता तर मी उठलेच नसते."

"मंग आवाज काहून चढला?"

"माझा चढतोच. तिचाही चढला, ते मला आवडलं."

मी बसलो. पण उठलो ते चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

सुट्टीत पाहतो तर दोघी एकाच प्लेटमधले आलूबोंडे खात होत्या, अन् खाता खाता पुन्हा तोच वाद. मॅडम तिला म्हणाल्या, "आणखी दोन गावं फिरून ये, मग माझ्याकडे पीएचडीला ये. मी घेते तुला." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिथूनच पोराला फोन लावला.

"काय म्हणाले गा, बाबा?"

"म्हणाले, तिचं म्हणणं मान्य नाही."

"पाहा. मी सांगतच होतो."

"म्हणून पुढं शिक म्हणाले."

तो म्हणाला, "हे कोणतं शिक्षण आहे, बाबा?"

"मलेही नाई समजलं. पण तू मले शब्द देला आहे."

"देला," तो म्हणाला. "स्थळवाल्यांले आजच नाई म्हणून सांगतो."

फोन ठेवला अन् तिथल्याच पायरीवर बसलो. आतून नातीचा आवाज येत होता, अजून चढलेलाच. म्हटलं, चढू दे.