पोचेपर्यंत केर नाही

इंदिरानगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सोमवारपासून केर निघाला नव्हता. चिकटपट्टीचे तुकडे, वर्तमानपत्रांचे बोळे, मोडका हँगर, एक एवढासा पायमोजा, सगळं जिथल्या तिथं. आणि हे कुणाच्या राज्यात? लंकाबाईच्या! खाटेखालचं सुपारीचं खांडसुद्धा जिच्या नजरेतून सुटत नाही, त्या लंकाबाईच्या. चावी तिच्या कमरेला, झाडू दाराआड, आणि बाई गॅलरीत भिंतीला टेकून, साधा बटणांचा मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली.

कारण असं, की गावाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत त्याच्या मागं घराचा केर काढायचा नाही. बाकीचे लोक हे पाळतात ते तासभर. लंकाबाई पुरतं पाळायची. घोटीजवळच्या सासरी, ती सव्वीस वर्षांची असताना, नवरा तांदळाच्या ट्रकवर वाशीला निघाला. पाहुणे यायचे होते, म्हणून त्याची पाठ वळताच हिनं घर झाडून घेतलं. ट्रक घाटात उलटला. तिला कुणी बोल लावला नाही, सासूनंही नाही. तिनं स्वतःला लावला, तो आजतागायत. लहानग्या पोराला, नाथाला, काखेत मारून ती नाशकात आली आणि लोकांची धुणीभांडी करून त्याला वाढवलं. आता नाथा वापीला कंपनीत आहे. दिवाळीला फोन करतो, ‘बरी हाय ना?’ म्हणतो आणि ठेवून देतो.

तर अशा बाईच्या पदरात मिहू पडली. या फ्लॅटमध्ये राहणारे तिचे आईबाप, संजना आणि रोहित, दोघंही नोकरीवाले. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मिहू सहा महिन्यांची होती. तेव्हापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती लंकाबाईची. बोलायला लागली तशी मावशी नाही, आजी नाही, सरळ ‘लंका!’ म्हणायची. दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर त्याची धडगत नव्हती. या बयेनं दोन हात कमरेवर ठेवून ‘लंके, भूक!’ असा हुकूम सोडला की बाई हसत हसत वरणभात कालवायला बसायची. फुटाणे दिले की अर्धे खायची आणि अर्धे दाराआड लपवायची. आणि झोपताना लंकाबाईच्या कानाची पाळी बोटांत धरल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. चांगली अडीच वर्षं त्या पाळीची कणीक तिंबली पोरीनं.

मग रोहितला कॅनडात नोकरी लागली.

“किती लांब हाय ओ ताई?” लंकाबाईनं संजनाला विचारलं होतं.

“दोन विमानं बदलायची, मावशी. सगळं धरून दीड दिवस.”

“अगं बाई! पोरगी खाणार काय एवढा वेळ?”

सोमवारी दुपारी गाडी दारात आली आणि मिहूनं भोकाड पसरलं. बॅगा बघून पोरगी काय ते समजली होती. लंका बसल्याशिवाय ती गाडीत बसेना. रोहित घड्याळ बघायला लागला. तेव्हा लंकाबाईनंच तोडगा काढला. हो, तिनंच. पुढं हे तिला फार लागलं.

“मी येते घोटीपातुर,” ती म्हणाली. “गाडी चालू लागली की झोपंल. मग मी उतरून जाईन. तिला कळायचं बी नाय.”

संजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, तुमचे उपकार... पोचलो की पहिला फोन तुम्हाला.”

आणि झालं तसंच. पाथर्डी फाटा गेला नाही तोच मिहू मांडीवर कलंडली, पाळी मुठीत धरून. लंकाबाई अर्धा तास मान वाकडी करून बसली. घोटीला गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. तिनं कानावरची बोटं एकेक करून सोडवली, पोरीला आईच्या मांडीवर दिलं आणि खाली उतरली. पापा घ्यावा असं फार वाटत होतं. जागी झाली तर? म्हणून नाही घेतला. निघालेल्याला मागून हाक मारू नये, म्हणून हाकही मारली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती एसटीनं परत आली. तिकीट काढताना कंडक्टरनं दोनदा विचारलं, “कुठं जायचं, आजी?”

मंगळवार रात्रीपर्यंत पोचायला हवे होते. मंगळवारी फोन आला नाही. बुधवारी तिनं सकाळच्या धुण्याभांड्याच्या घरांत ‘अंग दुखतंय’ सांगून सुट्टी टाकली आणि दिवसभर रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून राहिली. मोबाइल सारखा उचलून बघायचा, आवाज मोठा आहे ना ते तपासायचं. संजनाचा इथला नंबर लावून पाहिला तर बंद. विमानाचं काही झालं असेल का? पोरीला ताप भरला असेल का? जाग आल्यावर तिनं मला शोधलं असेल का? हा शेवटचा विचार आला की बाई उठून गॅलरीत दोन फेऱ्या मारायची. केराला मात्र हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी दहाला एजंट आला, प्रफुल्ल. बारा वाजता तो नवे भाडेकरू आणणार होता. दार उघडताच त्यानं कपाळाला हात लावला.

“काय हे, मावशी! तीन दिवस काय केलंत?”

“ते पोचल्याचं कळल्याबिगर झाडणार नाय मी.”

“अहो, ते मंगळवारीच पोचले! रोहित सरांचा मेसेज आला मला, चावी तुमच्याकडून घ्या म्हणून.”

लंकाबाईनं कमरेची चावी चाचपली. मंगळवारी! म्हणजे चावीसाठी याला कळवलं आणि मला नाही. तिला रडू आलं नाही, आधी संताप आला.

“तुला कळवलं आसंल,” ती म्हणाली. “मला नाय कळवलं. माझ्यालेखी अजून वाटंतच हायेत.”

प्रफुल्ल काहीतरी पुटपुटत चहा प्यायला खाली गेला. आणि दहा मिनिटांत मोबाइल वाजला. स्क्रीनवर लांबलचक अनोळखी नंबर.

“मावशी? संजना बोलतेय.” आवाज अगदी हळू. “पोचलो आम्ही. सॉरी हो, आधी करायला जमलं नाही.”

“आसू द्या, आसू द्या. मिहू कशी हाय? खाल्लं का तिनं?”

“मावशी, खरं सांगू? इगतपुरीच्या पुढच्या त्या मोठ्या बोगद्यात तिला जाग आली. अंधार, आणि तुम्ही नाही. तिथून जी लंका, लंका सुरू झाली ती दुसऱ्या विमानापर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघायची. माझा कान दिला, तर ढकलून दिला.”

लंकाबाईनं पदर तोंडात धरला.

“आज पहिल्यांदा दिवसभर नाव काढलं नाही तिनं. तोवर मी मुद्दामच फोन टाळत होते. इथं आता रात्रीचा एक वाजलाय, पण अजून टक्क जागी आहे. तिला फोन देत नाही, मावशी. तुमचा आवाज ऐकला की परत... रागावू नका हं.”

“नाय नाय, नका देऊ,” लंकाबाई कुजबुजली. इकडचा आवाज तिकडं ऐकू जाईल म्हणून तिनं तोंडापुढं हात धरला. “मी बोलतच नाय बघा.”

तेवढ्यात मागून तो आवाज आला. बारीक, किंचित बसलेला.

“आई, कोण ए?”

“कोणी नाही, बाळा,” संजना म्हणाली. आणि फोन कट झाला.

लंकाबाई कितीतरी वेळ कानाला मोबाइल लावून बसली. मग खाली चहाच्या टपरीवरून प्रफुल्लची हाक आली, “मावशी, बारा वाजता लोक येतील हं!” ती उठली. दाराआडचा झाडू काढला, तशी त्याच्यामागून चार फुटाणे गडगडत बाहेर आले. ते तिनं वेचले, पदराच्या टोकाला बांधले आणि आतल्या खोलीपासून झाडायला सुरुवात केली. सगळे सुखरूप पोचले होते. आता केर काढायला काहीच हरकत नव्हती.