पाय ठेवला असता का?

केतकीचा फोन आला तेव्हा मी डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ऑफिसात एका मीटिंगमधून बाहेर पडत होते. "आई गेली," एवढंच ती म्हणाली. आणि फोन ठेवण्याआधी, अगदी कोरड्या आवाजात, "काल तो फादर तिच्या कानात काय बोलला, ते मला कळलंच पाहिजे."

केतकीच्या आईने, शैलाताईंनी, पुण्यात आयुष्यभर जपानी शिकवलं. आम्ही विद्यार्थी त्यांना सेन्सेई म्हणायचो, जपानीत शिक्षकांना म्हणतात तसं. मी नोकरीसाठी आयर्लंडला आले आणि काही वर्षांनी, यजमान गेल्यावर, सेन्सेईही डब्लिनजवळ समुद्रकाठच्या डून लेरीला लेकीकडे, केतकीकडे, राहायला आल्या. त्यांचा सगळा जीव जपानच्या जुन्या इतिहासात होता. सरंजामदारांचा तो काळ, पोर्तुगीज जहाजांतून आलेले धर्मोपदेशक, गावंच्या गावं ख्रिस्ती झालेली, आणि मग शोगुनने, तिथल्या लष्करी सत्ताधीशाने, घातलेली बंदी. नागासाकीकडच्या लोकांना दरवर्षी रांगेत उभं करून ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. ठेवला तर सुटका. नाही ठेवला तर छळ. खड्ड्यावर उलटं टांगून ठेवत, माणूस धर्म सोडेपर्यंत किंवा मरेपर्यंत. हे सांगताना सेन्सेईंचा आवाज कधी चढायचा नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच त्रास व्हायचा.

इथल्या लायब्ररीत त्यांनी याच विषयावर भाषण दिलं. समोर बहुतेक निवृत्त आयरिश मंडळी होती. सेन्सेई म्हणाल्या, पाय ठेवणारे घरी परतले, दारं लावून क्षमा मागितली, मुलांना प्रार्थना शिकवल्या, आणि एकही पाद्री नसताना दोनशेहून जास्त वर्षं तो धर्म लपवून जिवंत ठेवला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक उंच म्हातारे गृहस्थ उठले. "आणि जे मेले ते? ते मूर्ख होते?"

केतकीने माझा हात धरला.

"मी तसं म्हटलं नाही," सेन्सेई म्हणाल्या. "मेलेल्यांना तुम्ही संत केलंत. घरी परतलेल्यांचं काय केलंत? तुम्ही त्या जागी असता, समोर तुमच्या माणसांना टांगलं असतं, तर पाय ठेवला असता का?"

त्या गृहस्थांनी कोट उचलला आणि ते निघून गेले.

परतताना गाडीत केतकीचा संताप मावत नव्हता. "आई, आम्हाला याच गावात राहायचंय. माझ्या मुलीची शाळा चर्चची आहे." सेन्सेई खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होत्या. "त्यांना राग नाही आला गं," त्या म्हणाल्या, "ते घाबरले."

पुढच्या आठवड्यात तेच म्हातारे गृहस्थ केतकीच्या दारात उभे. फादर डिक्लन. तरुणपणी क्यूशू बेटावर कितीतरी वर्षं धर्मकार्य केलेले, जपानी अस्खलित. तेव्हापासून ते येत राहिले. पुढच्या खोलीत दोघं जपानीत भांडायचे. मी असले तर मला कळायचं. केतकीला मात्र आतून फक्त आवाज ऐकू यायचे. सेन्सेई दर वेळी तोच प्रश्न विचारायच्या आणि फादर दर वेळी इतिहासातली कुठलीतरी तारीख पुढे करून निसटायचे.

मग फुप्फुसाचं दुखणं आलं... आणि झपाट्याने वाढलं. हॉस्पिटलमध्ये फादर आले तेव्हा केतकी खोलीच्या दारात आडवी उभी राहिली. "फादर, प्रार्थना नको. पाणी शिंपडणं नको. आई हिंदू आहे." ते ओशाळले, म्हणाले, "ग्रँड, ग्रँड. ठीक आहे, नुसता बसतो." मी केतकीला चहाच्या निमित्ताने बाजूला नेलं. परत आलो तर फादर सेन्सेईंच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते, डोळे ओले. केतकी जागच्या जागी थिजली. फादरनी क्षणभर कान सेन्सेईंच्या ओठांशी नेला, मग आम्हाला बघून ते उठले आणि निघून गेले. सेन्सेईंना झोप लागली होती. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

अंत्यसंस्काराला फादर मागे उभे होते. केतकीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पण तिला रात्ररात्र झोप नव्हती. शेवटच्या घडीला आईकडून ख्रिस्ती धर्म कबूल करून घेतला का, हाच एक विचार. शेवटी मीच फादरना घरी बोलावलं. ते आले, पुढच्या खोलीत उभेच राहिले. केतकीने सरळ विचारलं.

"त्यांनी पुन्हा तेच विचारलं," फादर म्हणाले. "त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता, तरी विचारलं. मी म्हटलं, हो. ठेवला असता. पहिल्याच दिवशी ठेवला असता." ते थांबले. "जपानीत म्हणालो. इंग्लिशमध्ये मला ते अजून जमत नाही. इंग्लिशमध्ये मी पाद्री आहे."

"आणि आई?"

"हसल्या. म्हणाल्या, मग घरी या."

बाहेरून डार्टची लोकल गेली, तावदानं थरथरली. खिडकीपाशी सेन्सेईंची खुर्ची होती, पाठीवर त्यांची करडी शाल तशीच टाकलेली. इतक्या आठवड्यांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. केतकीने कुणाला बसूच दिलं नव्हतं. ती उठली, शाल काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"बसा, फादर," ती म्हणाली. "चहा टाकते."