दादाच्या अँपमधली आत्याबाई

माझ्या दादाला एका जागी स्वस्थ बसलेलं मी फक्त फोटोत पाहिलं आहे, आणि त्या फोटोतही त्याचा एक हात हललेला आहे. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. पायांचं सोडा, खरी भिंगरी हातांना होती. टीव्ही बघताना रिमोटचं झाकण काढायचा, बसवायचा, पुन्हा काढायचा. स्वतःच्या लग्नात त्याने टाय तीनदा बदलला आणि शेवटी पहिलाच घालून आला. अशा माणसाला लिफ्ट दुरुस्तीची नोकरी मिळाली हे लोकांचं नशीब, कारण दिवसभर खोलायला काहीतरी हाताशी असतं. आणि अशाच माणसाच्या हाती सुट्या डब्यांचा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, लागला, हे आमचं नशीब.

आमचं म्हणजे आमच्या बँडचं. आम्ही चौघं दर शनिवारी संध्याकाळी एका क्लबच्या हॉलमध्ये गाणी वाजवतो. ड्रमवर डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर. कीबोर्डवर मास्तर, ते शाळेत गणित शिकवतात. गिटारवर दादा, आणि गायला मी. एरवी मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. पोट कुणाचंच या बँडवर नाही, पण दादाचा जीव त्यात आहे. शनिवार नसता तर बाकीचा आठवडा आपण लिफ्टच्या खोल्यांमध्ये काढूच शकलो नसतो, असं तो स्वतः म्हणतो.

आता अँपचं सांगते. गिटारच्या तारेतून निघणारा आवाज इतका नाजूक असतो की मोठ्या स्पीकरकडे जाण्याआधी तो एका छोट्या यंत्रात जाऊन जरा अंग धरतो. त्या यंत्राला प्रीअँप म्हणतात. गिटार गोड बोलणार की खेकसणार, हे तिथंच ठरतं. साध्या अँपमध्ये ते आत कायमचं बसवलेलं असतं. दादाच्या अँपला मात्र मागच्या बाजूला तीन खाचा आहेत. प्रत्येक खाचेत प्रीअँपची एक सुटी डबी सरकवायची आणि वाजवताना पायाखालच्या बटणाने तिघींपैकी हवी तिला बोलतं करायचं. खाचा तीन, आणि दादाकडे डब्या आठ.

सगळ्या दिसायला सारख्या, म्हणून त्याने त्यांना नातेवाइकांची नावं दिली होती. खालच्या सुरात कुरकुरणारा काका. तापल्याशिवाय तोंड न उघडणारे जावईबापू. सगळ्यांत लाडकी मावशी, उबदार, गोल आवाजाची. तिच्या साथीने गायला लागले की कुणीतरी माझ्या गळ्याला खालून हात देतंय असं वाटायचं. आणि आत्याबाई. ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ जायची. "ही एका गाण्यापुरती पाहुणी," दादा म्हणायचा. "दुसऱ्या गाण्याला राहिली तर घरातली माणसं बाहेर पडतील." आमच्या खऱ्या आत्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

पूर्वी तो घरूनच तीन डब्या लावून यायचा. या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे, प्रत्येक गाण्यानंतर तो अँपच्या मागे जायला लागला. डबी बदलायची म्हणजे अँप बंद करायचा, स्क्रू काढायचे, जुनी ओढायची, नवी सारायची, पुन्हा चालू करून आतली काचेची नळी तापेपर्यंत थांबायचं. तोवर डॉक्टर ड्रमवर काहीबाही वाजवत राहायचे आणि मी विनोद सांगायचे. माझे विनोद संपले. मग मी पहिल्या रांगेतल्या लोकांच्या चष्म्यांचं कौतुक करायला लागले.

"सगळ्या मेल्या झोपल्यात," दादा कुरकुरायचा. "एक नीट तोंड उघडून बोलत नाही. आवाजावर कुणी गोधडी टाकलीय." आणि वरचे सूर वाढवणारं बटण आणखी फिरवायचा. तो फिरवायचा तसतशी पहिली रांग उठून मागे बसायची.

शेवटी एका शनिवारी कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर आणि मास्तरांनी मला गाड्या लावतात तिथं गाठलं. मास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत होते, म्हणजे बोलणार डॉक्टर हे मला कळलं.

"तुमच्या भावाला तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. "तीन डब्या निवडायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आणि आवाज असा हवा की लोक बसले पाहिजेत. क्लबवाल्यांनी तक्रार केलीय. येत्या शनिवारी जमलं नाही, तर मास्तरांच्या शाळेतले संगीत शिक्षक यायला तयार आहेत."

म्हणजे विचारूनही झालं होतं. मला दोघांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं याचा त्याहून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीवर डब्या, तारा, स्क्रू, आणि मधोमध दादा, उकिडवा. मी तोंडावर सांगून टाकलं. तो चिडला नाही. उठला, खिडकी उघडली, खिडकी लावली, कोपऱ्यातल्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, न पिताच खाली ठेवली.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

हे तो कशालाही म्हणतो. लिफ्ट अडकली तरी म्हणतो, सुरू झाली तरी म्हणतो.

"चल, निवडू," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. मी दिवसभर हेच करते. ही बरी की ती बरी, एवढंच सांगायचं."

मी खुर्ची ओढून अँपसमोर बसले. तो एकेक डबी लावून तीच एक धून वाजवायला लागला. काका? दबलेला. जावईबापू? ओले, वाळत घाला. एकेकीला नावं ठेवत तो पुढे सरकत होता, आणि मधेच उठून गिटारची वायर बदलत होता, स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढत होता, पुन्हा मागे ढकलत होता. मला बसवेना. त्याची ती घालमेल संसर्गासारखी मला लागली आणि मीही खोलीभर फिरायला लागले.

मग त्याने एक डबी लावली आणि त्याचा चेहरा उजळला. माझ्या दातांतून कळ गेली.

"ही बघ! ही स्पष्ट बोलते."

"दादा, ही आत्याबाई आहे."

"माहितीये. आपण उगीच नावं ठेवली बिचारीला."

"मावशी लाव," मी म्हटलं. निदान ती तरी माझ्या बाजूने बोलेल.

त्याने मावशी लावली. पहिल्याच सुराला मी कानांवर हात ठेवले. "हिला काय केलंस तू?"

"जरा तोंड उघडलं तिचं. आतले दोन भाग बदलले." तो माझ्याकडे बघत राहिला. "अजून दबलेलीच आहे ती."

माझा संताप झाला. त्या एका डबीवर मी इतकी वर्षं गायले होते. "दबलेली? अरे, मावशीची आत्याबाई करून टाकलीस तू! विचारायचंस तरी मला!" मी बरंच काही बोलले. हाताला चाळा हवा म्हणून माणसाने किती वाटोळं करावं, वगैरे. तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं, फ्रिज वाजतोय. बाटली काढल्यावर त्याने दार नीट लावलं नव्हतं, आणि ती बारीक, टोकदार पीं पीं पीं कधीची चालू होती. मला वाटलं, आता उठेल आणि लावेल. शेजारच्या घरातला पंखा करकरला तरी ज्याचे हात शिवशिवतात, तो माणूस फ्रिजपासून हातभर अंतरावर बसला होता. तो उठला नाही.

दुकानात कधी कधी असं गिऱ्हाईक येतं. कुठलीही काच घाला, त्याला धूसरच दिसतं. आधी आम्ही काच पुसतो, मग बदलतो, मग त्याच्यावर मनातल्या मनात वैतागतो. आणि मग कधीतरी ट्यूब पेटते की काचेत काही खोट नाही, आणि आम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

"दादा," मी हळूच म्हटलं, "ते बंद कर ना."

"काय?"

"ते वाजतंय ते."

"काय वाजतंय?"

मी फ्रिजकडे बोट केलं. तो गेला. दाराला कान लावला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. दार लावलं, माझ्याकडे बघितलं. पुन्हा किलकिलं करून ठेवलं आणि बघत राहिला. आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, हे तो माझ्या चेहऱ्यावरून ताडत होता.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी रोज भांडते त्याच्याशी यावरून," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करतो." आणि ती तिथंच स्टुलावर बसली.

"मला वाटलंच होतं," दादा म्हणाला. पण या वेळी आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. त्याचे हात मांडीवर पडून होते, अगदी स्वस्थ. ते तसे बघून मला जी भीती वाटली ती कानांच्या बातमीनेही वाटली नव्हती. त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, आणि मावशीसाठी एक ठेवूनही द्यावीशी वाटली.

कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासून सांगितलं, वरचे सूर दोन्ही कानांतून गेलेत, डाव्यातून जास्त. डाव्या बाजूलाच वर्षानुवर्षं ड्रमवाल्या डॉक्टरांच्या झांजा होत्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. कानात घालायचं यंत्र मिळेल, पण ते शनिवारच्या आत नाही.

घरी आल्यावर दादा डब्या खोक्यात भरायला लागला. "सांग त्यांना, संगीत शिक्षकांना बोलवा."

"ते नंतर. आधी मावशी होती तशी कर."

"झाली की नाही, मला कसं कळणार?"

"मला कळेल."

त्याने खोकं बाजूला सारलं. मग उठून कपाटातून डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली काढली. त्यात मावशीचे जुने दोन भाग होते. लिफ्टवाला काढलेला भाग टाकून देत नाही. नवा भाग नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुना जपून ठेवतो. दादाने ते परत जोडले, मी गायला लागले, आणि माझ्या गळ्याखाली पुन्हा तो हात आला. मी मान हलवली. या वेळी दादा अँपकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

दोन खाचा मावशी आणि काकांनी भरल्या. तिसरीसाठी मी आत्याबाईच निवडली. "नको ती," तो म्हणाला. "तिच्यामुळेच झालं सगळं."

"एका गाण्यापुरती पाहुणी," मी म्हटलं. बटणं जिथं हवीत तिथं मी नेलपॉलिशचे ठिपके दिले. वहिनीने स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि पर्स काखेत मारली.

शनिवारी दादाने दोघांना स्वतःच सांगितलं. "मला वरचं ऐकू येत नाही. आवाज कसा हवा ते ही सांगेल. डब्यांना मी हात लावणार नाही." मास्तरांनी बुटांकडे बघितलं. डॉक्टरांनी झांजा उचलून दादापासून लांबच्या बाजूला लावल्या.

पहिलं गाणं संपलं तसा त्याचा हात सवयीने मागे गेला, खाचेपाशी चाचपडला आणि रिकामा परत आला. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने तो खिशात घातला. पहिली रांग जागेवर होती. मी गात होते खरी, पण जीव टांगणीला लागला होता. माझी पाठ त्याच्याकडे, आणि कान दोन्ही मागे.

आत्याबाईचं जोरकस गाणं टाळ्या घेऊन गेलं. त्याच्यामागे लगेच संथ गाणं होतं. मी तोंड उघडलं आणि मागून आत्याबाईच किंचाळली. तो पायाखालचं बटण दाबायला विसरला होता, आणि तिचं ते किंचाळणं त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्स उचलली. डॉक्टर ड्रमवरून डोळे मोठे करत होते, दादाचं लक्ष तारांवर. मला ओळ सोडता येईना. मी गाता गाता सरळ त्याच्याकडे वळले, लोकांकडे पाठ करून.

त्याने वर बघितलं. पाय हलला. मावशी बोलली. बाईंनी पर्स खाली ठेवली.

कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर काठ्या पिशवीत भरत म्हणाले, "पुढच्या शनिवारी सहाला. आणि डब्या याच." संगीत शिक्षकांचं नाव कुणी काढलं नाही.

दादा वायर गुंडाळत माझ्याजवळ आला. इतकी वर्षं कार्यक्रम झाल्यावर तो मला सांगायचा, आज काका कसा वाजला, मावशी कशी वाजली. त्या दिवशी त्याने विचारलं, "कसं वाजलं?"

"छान. फक्त त्या संथ गाण्यात सुरुवातीला आत्याबाई राहिली होती."

"मला वाटलंच होतं."

"थापा मारू नकोस. तुला कसं वाटणार?"

"दाढ ठणकल्यासारखं तोंड केलं होतंस," तो म्हणाला. गुंडाळलेली वायर त्याने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. "पुढच्या वेळी जरा तिरकी उभी राहा. लोकांना अर्धी दिसलीस तरी चालेल, मला पूर्ण दिसायला हवीस."