हमीद डॉक्टर आणि माझा डावा हात

हमीद डॉक्टर कुठं दुखतंय ते कधी विचारतच नसत. परतूरच्या सरकारी दवाखान्यात माणूस समोर बसला की त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "बरं कुठं हाय ते दाखव. रोग काय, कुनीबी दाखवतं."

मला बरं असलेलं काही सुचेना. तोंड, मान, दोन्ही हात लाल गाठींनी भरलेले, खाज अशी की रडू यावं. गावानं महारोग ठरवूनच टाकला होता. मळ्यात माझ्यासाठी झोपडी उभी राहत होती आणि माझा तान्हा दत्तू जावेच्या पदराखाली दिला होता. भिंतीपलीकडं तो रडायचा, इकडं माझी चोळी भिजायची, पण जवळ जायची सोय नव्हती.

सासूबाई, आमच्या आत्याबाई, दुष्ट नव्हत्या हो, घाबरल्या होत्या. कातडीच्या रोगाला सूर्यनारायणच बरं करतो, म्हणून त्यांनी मला व्रत धरायला लावलं होतं. अंघोळ करून, हात उघडे टाकून, ऊन डोक्यावर येईपर्यंत सूर्याकडं तोंड करून अंगणात उभं राहायचं. मी उभी राहत होते आणि रोग वाढत होता.

सोबत आलेल्या आत्याबाईंसमोर डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि हातावरच्या चट्ट्यात खचकन सुई टोचली. "अगं आई गं!" मी किंचाळले.

"शाब्बास!" डॉक्टर खूश. "महारोगाच्या चट्ट्याला सुई कळत न्हाई. हिला महारोग न्हाई, आम्मा. हिला ऊन सोसत न्हाई. बाहीखाली बघा, कातडी बिलकुल साफ हाय."

आत्याबाई ताडकन उठल्या. "देवाला नावं ठेवून राह्यले व्हय, डॉक्टरसाब? सूर्य रोग देतो?"

डॉक्टरांचा राग नाकावर असायचा. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता आम्हाला हाकलणार आणि मी झोपडीत जाणार. पण ते आवाज उतरवून म्हणाले, "व्रत सोडू नका. फकत डावा हात काळ्या कापडात बांधा. पुढच्या बाजाराला आणा. दोन्ही हात सारखे निघाले, तर मीच येतो झोपडी बांधायला."

बाजारापर्यंतचे ते दिवस काय सांगू! उजवा हात जळत होता, आणि तो बरा होऊ देऊ नको रे देवा, अशी मीच सूर्याला विनवणी करत होते.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी कापडाला हात लावला नाही. "तुम्ही सोडा, आम्मा." आत्याबाई एकेक वेढा सोडू लागल्या. शेवटचा वेढा सुटला. डावा हात कोरडा, गाठी बसलेल्या. उजवा लालभडक, चिघळलेला. आत्याबाईंनी माझे दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. मग बाहेर बैलगाडीत बसलेल्या जावेकडून दत्तूला आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "मंग, पाज की त्याला," एवढंच म्हणाल्या. मी भर दवाखान्यात हंबरडा फोडला.

औषध म्हणाल तर पांढरं मलम, लांब बाह्या आणि सावली. सूर्यापुढं माझ्या वाटचं आत्याबाईच उभ्या राहू लागल्या. डॉक्टरांना मात्र भरवसा नसे. माझं तोंड उघडं दिसलं की भर रस्त्यात ओरडायचे, "पदर! जल्दी ओढ!" मेली लाज वाटायची.

पुढं त्यांची बदली झाली. उन्हाळ्याच्या भर दुपारी आम्ही स्टेशनवर गेलो, दत्तू आपल्या पायांनी चालत. गाडी हलली. निरोप कसला, हा बाबा खिडकीतून ओरडतोय, "पदर! पदर ओढ!"

माझे हात डोळे पुसण्यात गुंतलेले. आत्याबाईंनीच माझा पदर पार नाकापर्यंत ओढला आणि गाडीमागं चार पावलं धावत ओरडल्या, "ओढलाय, डॉक्टरसाब! ओढलाय!"