इंदूकाकूंचा निवडुंग

दारात कोणीही आलं, अगदी कुरिअरवाला असला तरी, इंदूकाकू आधी पाण्याचा तांब्या पुढे करायच्या. खिडकीच्या ग्रिलमधल्या निवडुंगाला मात्र दिवाळीपासून शिमग्यापर्यंत थेंब नाही. मोसंबीएवढा काटेरी गोळा तो. मी एकदा कीव येऊन पाणी घालायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाल्या, "थंडीत पाजलंस तर बुडातनं सडंल. उपाशी ऱ्हाऊ दे, मगच फुलंल." आणि खरंच, शिमग्याच्या सुमाराला त्याच्या डोक्याभोवती गुलाबी फुलांचं कडं यायचं. मग काकू अख्ख्या जिन्याला हाका मारून दाखवायच्या.

काकू मूळच्या साताऱ्याकडच्या. जुईनगरचं घर काकांनी मार्केटात पाठीवर पोती वाहून घेतलेलं. ते गेले आणि घर मुलाचं, सुनेचं झालं. त्या दोघांना मूल होत नव्हतं. डॉक्टर करून थकले, तेव्हा एक वास्तुवाला गाठला. त्याने घरभर होकायंत्र फिरवलं, खिडकीशी थांबला आणि म्हणाला, घरात काटे असल्यावर पाळणा कसा हलणार?

काकू भांडतील असं मला वाटलं होतं. त्या मुकाट्याने कुंडी घेऊन माझ्या दारात आल्या. तुझी पोरं मोठी झाली, तुला काही बाधणार नाही, म्हणाल्या. मला त्यांचाही राग आला.

पुढच्या वर्षी तो मेला वास्तुवाला पुन्हा आला. या खेपेला त्याला नैर्ऋत्येच्या खोलीत खोट सापडली. तिथे विधवा बाई झोपते म्हणे. मुलाने आईला समोर बसवून, अगदी गोड आवाजात, थोडे दिवस गावी राहा म्हणून सांगितलं. मी त्याला फैलावर घ्यायला निघाले, तर काकूंनीच मला दारात अडवलं. "नातवापायी मी यवढं न्हाई करायचं?" पिशवी भरून त्या गेल्या. ते थोडे दिवस अजून चालूच आहेत.

यंदा निवडुंग भरभरून फुलला, म्हणून मी गावी फोन लावला. फुलांचं ऐकून त्या नुसतं हुं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून विचारलं, सूनबाईला दिवस गेले का? मी नाही म्हटलं.



"माझं आजून कायतरी ऱ्हायलंय तिथं," त्या म्हणाल्या. "हॉलमदी ह्यांच्याशेजारी माझा फोटू हाय न्हवं, त्यो काढायला सांग त्यास्नी."