कासारणीच्या पालातले संशोधन

डॉ. सुभद्राबाईंची आणि माझी पहिली भेट चांदा जिल्ह्यातल्या सावली गावी एका लग्नात झाली. मी वार्ताहर, पण संस्कृत पाठशाळेत शिकलेला. म्हणून वधूला आशीर्वाद देण्याचे काम माझ्याकडे आले. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणतो तोच मागून बाईंनी विचारले, “आठही बाळंतपणं तुम्ही करणार का?” तेव्हापासून मी आशीर्वाद जपून देतो.

सरकारी नोकरी सोडून बाईंनी इथल्या बायकांच्या बाळंतपणांचा आणि गर्भपातांचा अभ्यास नुकताच आरंभला होता. घरी जावे तर सुनेची उत्तरे सासू देई. सावलीच्या आठवडी बाजारात मात्र कासारीण बांगड्या भरते त्या पालात पुरुष शिरत नाहीत, आणि सासू तेवढ्यात मीठ-मिरची आणायला जाते. बाई तिथे बसू लागल्या. रिकामे बसणे मानवेना म्हणून बांगड्याही भरू लागल्या. पुष्कळ फुटल्या. पण हात हातात असला की बायका बोलतात.

दिवस राहू नयेत, राहिलेले जावेत म्हणून कोण कसली झाडाची मुळी घेते, त्यात कोण दगावली, ते बाई ऐकून घेत. गर्भ पाडणे कायद्याने गुन्हा. एका पाटलांनी अशा बायकांची नावे मागितली. बाईंनी त्यांना चहा पाजला, नावे दिली नाहीत. “कोण चुकली ते मी विचारत नाही, का मेली ते विचारते,” एवढेच म्हणाल्या.

त्याच पालात भागीरथीबाई भेटल्या. पाच लेकरे, अंगात रक्त नाही, मागच्या खेपेला मुळी घेऊन मरता मरता वाचलेल्या. पुन्हा दिवस राहिले तर पुन्हा मुळी घेतील आणि मग वाचणार नाहीत, हे उघड होते. त्यांना मुले थांबवण्याची शस्त्रक्रिया झेपली नसती. तेव्हा त्यांना विचारून बाई त्यांच्या यजमानांकडे, सोमाजींकडे निघाल्या. मला सोबत घेतले. एखादा पुरुष शोभेला असावा म्हणून.

सोमाजी बांधावरच भेटले. बाईंनी मुळीबद्दल अवाक्षर काढले नाही. भागीरथीबाईंच्या प्रकृतीचे सांगितले आणि शस्त्रक्रिया सोमाजींची करायची म्हणाल्या.

“मले बैल करून राह्यल्या काय, बाई?”

“नाई, भाऊ. नवरा नवराच राह्यते. फक्त आणखी बाप होत नाई.”

मी बगळे पाहू लागलो.  मग सोमाजी म्हणाले, “गाव हासल.”

“हासू द्या. तिच्या तेरवीले गाव हासणार नाई, जेवून जाईल.”

सोमाजी चांद्याच्या दवाखान्यात गेले. सोबत बाई होत्या. परतताना मोटारीत खिडकीजवळची जागा त्यांनी सोमाजींना दिली. गाव हसायचे तेवढे हसले. भागीरथीबाई यंदा धानाच्या रोवणीला चिखलात उभ्या होत्या.

आता आसपासच्या गावांतले पुरुष बाजारातून परतताना बाईंच्या दाराशी थांबतात आणि आधी खोकल्याचे औषध मागतात. बाई औषध देतात, मग खरी गोष्ट काढून घेतात. असे खोकणारे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत; गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या गावांत तर बाई अजून जायच्याच आहेत. म्हणून आज साठाव्या वाढदिवशी बाईंना उदंड, निरोगी आयुष्य चिंतताना आमचा, त्याहून इथल्या बायकांचा, उघड स्वार्थ आहे. तो पुरा होईपर्यंत बाईंना सुट्टी नाही.